ऑब्जेक्ट आणि टेबल यांची सांगड: क्लास आधी की टेबल आधी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हाला पाहता येईल. तुम्ही ऑर्डर घेणारं एक ॲप्लिकेशन लिहिताय. ग्राहक, ऑर्डर, ऑर्डरमधले आयटम, पेमेंट असे क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचे साचे) केलेत आणि ओआरएमकडून, म्हणजे ऑब्जेक्ट आणि टेबलं यांची आपोआप सांगड घालणाऱ्या साधनाकडून, त्यांची टेबलं बनवून घेतलीत. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. आता ऑर्डरची यादी उघडायला काही सेकंद लागतात आणि रिपोर्ट काढायला गेलं की क्लासची रचना आडवी येते. सहकारी म्हणतात, ओआरएम काढून टाका आणि सरळ एसक्यूएल (डेटाबेसशी बोलण्याची भाषा) लिहा. तसं केलं तर ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीला अर्थ काय उरला, असं तुम्हाला वाटतं. म्हणून तुम्ही विचारताय की क्लास आधी ठरवायचे की टेबलं.

क्रमाबद्दल मी शेवटाकडे बोलेन, कारण मला तुमची अडचण वेगळ्या ठिकाणी दिसते. एकाच मॉडेलकडून तुम्ही दोन कामं करून घेताय. एक काम म्हणजे नियम सांभाळून बदल करणं: ऑर्डरमध्ये आयटम वाढवणं, ऑर्डर रद्द करणं. दुसरं काम म्हणजे साठलेल्या माहितीला हवे ते प्रश्न विचारणं: गेल्या महिन्यात कुठल्या ग्राहकाने किती खरेदी केली, किती पेमेंटं अडकली आहेत. पहिल्या कामाला ऑब्जेक्ट फार चांगले. दुसऱ्या कामासाठी रिलेशनल, म्हणजे टेबलांचा, डेटाबेस जन्माला आला. मी वीसेक वर्षं याच प्रकारची ॲप्लिकेशनं लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेली दुरुस्त करते. त्रासाची बहुतेक प्रकरणं या दोन कामांची सरमिसळ झाल्यामुळे माझ्याकडे आली.

थोडा इतिहास इथे खरंच उपयोगी पडतो. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा ते आयबीएममध्ये होते. त्या काळातले डेटाबेस झाडासारखे किंवा जाळ्यासारखे होते. प्रोग्रॅम एका नोंदीवर उभा राहायचा, तिच्यातल्या दुव्यावरून पुढच्या नोंदीवर जायचा, तिथून आणखी पुढे. माहितीची मांडणी बदलली की तो रस्ता मोडायचा आणि प्रोग्रॅमही मोडायचा. प्रोग्रॅमला रस्ता माहीत असण्याची गरजच पडू नये, हा कॉड यांचा आग्रह होता. काय हवं ते सांगा, कसं आणायचं ते डेटाबेस ठरवेल. आता तुमचा कोड पाहा: ऑर्डर, टिंब, ग्राहक, टिंब, पत्ता, टिंब, शहर. हा पुन्हा तोच दुव्यादुव्यावरून चालत जाण्याचा प्रकार आहे. मेमरीमध्ये त्यात काहीच वावगं नाही, एक पायरी चढायला काही नॅनोसेकंद लागतात. पण दुव्याचं दुसरं टोक डेटाबेसमध्ये असेल, तर प्रत्येक पायरी म्हणजे नेटवर्कवरची एक फेरी होते, आणि कोडच्या त्या ओळीकडे पाहून हे अजिबात कळत नाही.

तुमच्या यादीचं दुखणं जवळजवळ नक्की हेच आहे. समजा पानावर २०० ऑर्डर आहेत. पहिली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) २०० ऑर्डर आणते. मग लूपमध्ये प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव विचारलं जातं. ग्राहक वेगवेगळे असतील तर या २०० क्वेऱ्या. मग एकूण रक्कम दाखवायला प्रत्येक ऑर्डरचे आयटम लोड होतात, आणखी २००. एकूण ४०१. डेटाबेस तुमच्याच मशीनवर असेल तर फेरीला मिलिसेकंदाचाही काही अंशच लागतो आणि पान झटकन उघडतं. प्रत्यक्ष सर्व्हरवर फेरीला ५ मिलिसेकंद धरले, तर नुसत्या ये-जा करण्यात २ सेकंद गेले. डेटाबेस बिचारा त्यातला बहुतेक वेळ रिकामाच बसलेला असतो, त्यामुळे इंडेक्स (शोध वेगवान करणाऱ्या सूची) वाढवून फारसा फरक पडत नाही. लोक आठवडा-आठवडा इंडेक्सशी झुंजताना मी पाहिले आहेत.

प्रत्येक ओआरएममध्ये याचा इलाज आहे: जेपीएमध्ये जॉइन फेच, एंटिटी फ्रेमवर्कमध्ये इन्क्लूड, जँगोमध्ये सिलेक्ट-रिलेटेड आणि प्रीफेच-रिलेटेड. तुम्ही जेपीए वापरत असाल तर एक लक्षात ठेवा. तिथे मेनी-टू-वन आणि वन-टू-वन ही नाती मुळातच लगेच लोड होणारी असतात. ती सगळी आवर्जून लेझी (मागितल्यावरच लोड होणारी) करून घ्या आणि जिथे गरज असेल तिथल्या क्वेरीत स्पष्ट मागा. दोन याद्या मात्र एकाच जॉइनमध्ये (टेबलं जोडणाऱ्या क्वेरीत) आणू नका. एका ऑर्डरचे ५० आयटम आणि ४ पेमेंटं एकत्र जोडलीत तर २०० रो (टेबलातल्या ओळी) येतात, आणि त्यावर कुणी आयटमच्या रकमेची बेरीज केली तर ती चौपट निघते. हा दोष वेगाच्या दोषाहून वाईट, कारण पान उघडतं आणि आकडा चुकीचा असतो.

तरीही या यादीसाठी मी ऑर्डरचे ऑब्जेक्ट लोडच करणार नाही. पानाला हवंय काय? ऑर्डर क्रमांक, तारीख, ग्राहकाचं नाव, आयटमची संख्या, एकूण रक्कम. पाच कॉलम. ग्रुप बाय (ऑर्डरनुसार गट करून बेरीज) लावलेली एक क्वेरी लिहा आणि निकाल एका साध्या, वर्तणूक नसलेल्या क्लासमध्ये भरा. त्या क्लासला ‘ऑर्डरयादीरो’ असं रटाळ नाव दिलंत तरी चालेल. त्यात कुठलाही नियम नाही, तो कधी सेव्ह होत नाही, त्याच्यावर बदलांची पाळत ठेवायची गरज नाही. पानाला सहावा कॉलम लागला तर क्वेरीत सहावा कॉलम वाढवायचा, ऑर्डरच्या मूळ क्लासला हात लावायचा नाही. रिपोर्टांचंही असंच. रिपोर्ट काढताना क्लास आडवे येतात असं तुम्ही म्हणालात, ते त्या कामासाठी बनलेलेच नाहीत. यात ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीशी कुठलीही प्रतारणा होत नाही. नुसतं दाखवायचं असेल तिथे जपायला नियमच नसतो.

आता बदल करण्याची बाजू. इथे ऑब्जेक्ट हवेतच, पण केवढे हा प्रश्न आहे. ‘खर्चमर्यादेपलीकडे ऑर्डर जाऊ नये’ हा नियम तपासायला ऑर्डर आणि तिचे सगळे आयटम एकत्र लागतात. म्हणून ते एकत्र लोड व्हावेत, एकत्र सेव्ह व्हावेत. डोमेन-ड्रिव्हन डिझाइनमध्ये अशा गटाला ॲग्रिगेट म्हणतात. ग्राहकाचं मात्र ऑर्डरमध्ये काय काम? बहुतेक वेळा फक्त तो कोण आहे एवढंच. मग ग्राहकाचा आयडी पुरतो, पूर्ण ऑब्जेक्ट नको. आणि ग्राहकाच्या क्लासमध्ये ऑर्डरींची यादी तर ठेवूच नका. कागदावरच्या आकृतीत ती साहजिक वाटते. दहा वर्षं जुना ग्राहक आला आणि कुणी सहज त्या यादीची लांबी विचारली, की हजारो ऑर्डरी मेमरीत येतात. फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणारा कॉलम) दोन्ही दिशांनी वाचता येते, त्यामुळे ‘या ग्राहकाच्या ऑर्डरी’ हा प्रश्न क्वेरीने कधीही विचारता येतो. त्यासाठी क्लासमध्ये उलटा दुवा लागत नाही. तुमच्या मॅपिंगमधली दुतर्फा नाती एकेक करून तोडलीत, तर निम्मं ओझं तिथेच उतरेल असा माझा अंदाज आहे.

बदलाच्या बाजूचा एक प्रसंग सांगते, कारण तो मी प्रत्यक्ष निस्तरला आहे. एका कंपनीत एकच माल दोनदा पाठवला जायचा, आठवड्यातून एखाद्या वेळी. कोड वाचून काही सापडेना. शेवटी डेटाबेसचा लॉग वेळेनुसार लावून बसलो. १०:०२:११ ला एका महिला कर्मचाऱ्याने पत्ता दुरुस्त करायला ऑर्डर उघडली, स्थिती ‘प्रलंबित’. १०:०२:४० ला गोदामाच्या प्रोग्रॅमने तीच ऑर्डर ‘रवाना’ केली. १०:०३:०५ ला कर्मचाऱ्याने सेव्ह दाबलं. तिने फक्त पिनकोड बदलला होता. पण ओआरएमने काढलेल्या अपडेटमध्ये सगळे कॉलम होते आणि स्थितीच्या जागी तिच्या ऑब्जेक्टमधलं जुनं ‘प्रलंबित’ होतं. ऑर्डर पुन्हा प्रलंबित झाली आणि गोदामाने ती पुन्हा पाठवली.

हायबरनेट (जेपीए पुरवणारं एक ओआरएम) मुळात सगळे कॉलम लिहितं. जँगोचं सेव्हसुद्धा सगळी फील्ड लिहितं. रेल्सच्या ओआरएममध्ये फक्त बदललेले कॉलम जातात. पण बदललेलेच कॉलम लिहिणं हा पुरेसा इलाज नाही, कारण दोघांनी मिळून मोडलेला नियम त्याने पकडला जात नाही. इलाज म्हणजे व्हर्जनचा कॉलम. वाचताना व्हर्जन ७ होतं, तर अपडेट करताना अट घालायची की आयडी हा आणि व्हर्जन अजून ७ असेल तरच लिही, आणि लिहिताना ते ८ कर. शून्य रो बदलल्या तर मधे कुणीतरी येऊन गेलं, वापरणाऱ्याला ताजी माहिती दाखवा आणि पुन्हा विचारा. जेपीए, एंटिटी फ्रेमवर्क, रेल्स, एसक्यूएलअल्केमी यांत ही सोय आहे. जँगोमध्ये ती स्वतः लिहावी लागते.

यात एक खाच आहे जिथे अनुभवी लोकही फसतात. वेबवर फॉर्म दाखवणं आणि तो परत येणं या दोन वेगळ्या विनंत्या आहेत. फॉर्म परत आल्यावर तुम्ही ऑर्डर नव्याने लोड केलीत, तर ताजं व्हर्जन मिळतं आणि तपासणी नेहमीच पास होते. म्हणून व्हर्जनचा आकडा फॉर्मबरोबर जाऊन परत यायला हवा आणि तो ताज्या आकड्याशी ताडून पाहायला हवा.

साठा कमी करण्यासारख्या गोष्टींना मी ऑब्जेक्टच्या वाटेनेही जात नाही. शिल्लक १० वाचली, ३ वजा केले, ७ लिहिले. त्याच वेळी दुसऱ्याने १० वाचून ४ वजा केले आणि ६ लिहिले. खरी शिल्लक ३ असायला हवी, टेबलमध्ये ६ आहे. व्हर्जनने हे पकडलं जाईल, पण मागणी जोरात असलेल्या मालावर सारखे अपयशाचे संदेश येतील. त्यापेक्षा डेटाबेसलाच सांगा: शिल्लक निदान ३ असेल तर तीतून ३ कमी कर. एकच अपडेट, अट त्याच्या आतच. किती रो बदलल्या ते पाहा, शून्य असेल तर माल नाही. तसंच ‘हा ईमेल आधीच वापरात आहे का’ याचं. क्लासमध्ये तपासा, वापरणाऱ्याला चांगला संदेश देता येतो. पण खात्री फक्त युनिक कन्स्ट्रेंट (तेच मूल्य पुन्हा येऊ न देणारा डेटाबेसमधला नियम) देतो, कारण तुमच्या तपासण्यात आणि लिहिण्यात दुसरा कुणीतरी घुसू शकतो. नियम दोन ठिकाणी लिहिले जातात याचं वाईट वाटून घेऊ नका, दोन्हींची कामं वेगळी आहेत.

ओळखीचा प्रश्नही तुम्हाला लवकरच भेटेल. दोन ऑब्जेक्ट एकच आहेत हे मेमरीत पत्त्यावरून ठरतं, टेबलमध्ये प्रायमरी कीवरून (प्रत्येक रोच्या वेगळ्या ओळखीचा कॉलम). आयडी डेटाबेस देत असेल तर सेव्ह होईपर्यंत ऑब्जेक्टला आयडीच नसतो. तुम्ही आयडीवरून हॅश (सेटमध्ये जागा ठरवणारा आकडा) काढत असाल, नवा आयटम सेटमध्ये टाकलात आणि मग सेव्ह केलंत, तर हॅश बदलतो आणि तोच आयटम त्याच सेटमध्ये सापडत नाही. मी आता नव्या कामात आयडी ॲप्लिकेशनमध्येच, ऑब्जेक्ट तयार होतानाच देते. यूयूआयडी, म्हणजे सहसा पुन्हा न येणारा लांब आयडी, याची सातवी आवृत्ती २०२४ मध्ये प्रमाणित झाली. तिच्या सुरुवातीला वेळ असते, म्हणून नव्या की साधारण क्रमाने येतात. मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी या साठवणयंत्रणेत रो प्रायमरी कीच्या क्रमानेच साठवल्या जातात, त्यामुळे तिथे पूर्ण यादृच्छिक यूयूआयडीपेक्षा हा प्रकार बराच सोसतो.

इनहेरिटन्सबद्दल थोडक्यात. कार्ड, बँक ट्रान्सफर, रोख असे पेमेंटचे उपक्लास असतील तर मी सहसा एकच टेबल ठेवते, प्रकाराचा कॉलम देते आणि ‘प्रकार कार्ड असेल तर कार्डचे कॉलम रिकामे नसावेत’ असा चेक कन्स्ट्रेंट लावते. उपक्लासांत कॉलम फारच वेगळे असतील तर सामाईक टेबल आणि प्रत्येकाचं जोडटेबल. प्रत्येक उपक्लासाचं संपूर्ण स्वतंत्र टेबल मात्र टाळते, कारण मग रिफंडच्या टेबलाने ‘कुठलंही एक पेमेंट’ म्हणून फॉरेन की कुणाकडे द्यायची?

आता क्लास आधी की टेबल आधी. मी दोन्हींच्या आधी साधी वाक्यं लिहिते. एका ऑर्डरचा ग्राहक एकच असतो. रद्द झालेल्या ऑर्डरमध्ये आयटम वाढत नाहीत. आयटमची किंमत ऑर्डर दिली त्या वेळची असते. हे तिसरं वाक्य पाहा. नुसत्या क्लासांच्या अंगाने विचार केला की आयटमकडून मालाकडे आणि मालाकडून किमतीकडे दुवा जातो, आकृती नेटकी दिसते. आणि ज्या दिवशी मालाची किंमत बदलते त्या दिवशी सगळी जुनी बिलं बदलतात. वाक्य लिहिलं असतं तर किंमत हा आयटमच्याच टेबलातला कॉलम आहे हे तेव्हाच कळलं असतं. वाक्यांपैकी ‘असतो, असते’ छापाची टेबलात आणि कन्स्ट्रेंटमध्ये जातात. ‘करता येतं, करता येत नाही’ छापाची क्लासच्या मेथडमध्ये.

तरी दोन्हींत ओढाताण झाली तर मी टेबलाच्या बाजूने झुकते. ॲप्लिकेशन दुसऱ्या भाषेत नव्याने लिहिलं जाताना मी अनेकदा पाहिलं आहे, आणि दर वेळी टेबलं तीच राहिली. म्हणून प्रत्यक्ष वापरात गेलेल्या डेटाबेसवर ओआरएमला आपोआप टेबलं बदलू देऊ नका. हायबरनेटच्या ‘अपडेट’ सेटिंगला फील्डचं नाव बदललेलं कळत नाही. ते नवा रिकामा कॉलम वाढवतं आणि जुना माहितीसकट तसाच राहतो. फ्लायवे किंवा लिक्विबेस वापरून बदलांच्या क्रमांकित फायली ठेवा आणि कोडबरोबरच तपासून घ्या.

राहिला सहकाऱ्यांचा मुद्दा. ओआरएम काढावं का, हे परिस्थितीवर आहे. ॲप्लिकेशन मुख्यतः रिपोर्ट दाखवणारं असेल, तर डॅपर किंवा जूकसारखं हलकं साधन पुरतं. त्याच टेबलांत अनेक वेगवेगळे प्रोग्रॅम लिहीत असतील, तर काही नियम स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या प्रोग्रॅममध्ये) नेण्यातही अर्थ आहे. तुमच्या वर्णनावरून लिहिणारं ॲप्लिकेशन एकच दिसतं आणि ऑर्डरचे नियम बरेच आहेत. अशा ठिकाणी बदल कुठे झाले ते ओळखून एका ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे बदल एकत्र होतात किंवा एकही होत नाही) योग्य क्रमाने लिहिण्याचं काम ओआरएम फार चांगलं करतं, ते हाताने लिहायला लागलात तर पस्तावाल. मी ओआरएम ठेवेन, पण फक्त बदलांसाठी, आणि वाचनाची पानं व रिपोर्ट एसक्यूएलवर नेईन. हजारो रो एकदम बदलायच्या असतील तर तिथेही ऑब्जेक्ट नकोत, एक अपडेट पुरतो.

दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये वापरताना दोन ठिकाणी जपा. ऑब्जेक्टमध्ये केलेले बदल फ्लश होईपर्यंत (ओआरएम ते डेटाबेसकडे पाठवेपर्यंत) डेटाबेसमध्ये नसतात, त्यामुळे थेट क्वेरीच्या आधी फ्लश करा. आणि थेट अपडेटनंतर मेमरीतले आधीचे ऑब्जेक्ट शिळे झालेले असतात, ते टाकून नव्याने लोड करा.

सहकाऱ्यांशी बसण्याआधी क्वेरीचा लॉग चालू करा आणि यादीचं पान एकदाच उघडा. किती क्वेऱ्या निघाल्या तो आकडा आणि ऑर्डरच्या क्लासचं मॅपिंग इथे दिलंत, तर कुठली नाती आधी तोडायची ते नेमकं सांगते.